डमी पसरल्यावर: ब्रिजमध्ये बोललेला करार पूर्ण करण्याची आखणी

ब्रिजमध्ये बोली संपते, डावीकडचा प्रतिस्पर्धी पहिली उतारी करतो आणि भिडू आपली तेरा पाने टेबलावर मांडून डमी होतो. त्या क्षणापासून डिक्लेअररला, म्हणजे करार खेळून पूर्ण करणाऱ्याला, स्वतःची तेरा आणि डमीची तेरा अशी सव्वीस पाने दिसत असतात आणि दोन्हीकडची पाने खेळण्याची जबाबदारी त्याच्या एकट्यावर येते. नवे खेळाडू जे करार गमावतात, त्यांतले बरेचसे शेवटच्या तीन-चार हातांत गेल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते पहिल्याच हाताला, डमीतून घाईने ओढलेल्या एका पानापाशी, गेलेले असतात. त्या पहिल्या पानाआधी थांबून काय मोजायचे आणि त्या मोजणीवरून खेळाचा क्रम कसा ठरवायचा, याचे हे मार्गदर्शन आहे. बोली, उतारी, हुकूम आणि डमी यांची वाचकाला तोंडओळख आहे, असे येथे गृहीत धरले आहे. ज्याला काही जण दस्त किंवा ट्रिक म्हणतात, त्याला या लेखात ‘हात’ म्हटले आहे.

मराठी घरांतून बहुतेक जण मेंढीकोट, तीनशे चार, पाच-तीन-दोन असे खेळ खेळूनच ब्रिजकडे येतात. गेलेली पाने लक्षात ठेवण्याची त्या खेळांतली सवय ब्रिजमध्ये फार उपयोगी पडते. मात्र दोन सवयी आडव्या येतात. हात घेता येत असेल तर तो लगेच घेऊन टाकायचा, ही पहिली. आणि हुकूम मारायची संधी दिसली की मारायचा, ही दुसरी. पुढचे दोन नमुना डाव या दोन सवयींना धरूनच निवडले आहेत. पत्त्यांचा एक जोड घेऊन ते टेबलावर मांडले, तर वाचन अधिक सोपे होईल.

त्याआधी गुणांकनाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आखणीचे सारे तर्कशास्त्र त्यातून आले आहे. पूर्वीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये करारापेक्षा जास्त केलेले हातही गेमसाठी, म्हणजे मोठे बक्षीस मिळवून देणाऱ्या गुणसंख्येसाठी, धरले जात. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या एका जहाजावर आपली नवी गुणपद्धत सहप्रवाशांबरोबर खेळून पाहिली. त्या पद्धतीत बोललेले हातच गेमसाठी मोजले जाऊ लागले आणि आजचे कॉन्ट्रॅक्ट ब्रिज तेथून रूढ झाले. ‘तीन नो ट्रम्प’ हा हुकमाशिवायचा करार पूर्ण केल्यास ४०, ३० आणि ३० मिळून १०० गुण होतात व त्यावर गेमचे ३०० किंवा, जोडी व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असलेल्या स्थितीत) असल्यास, ५०० गुण मिळतात. वर केलेल्या प्रत्येक जादा हाताचे मात्र केवळ ३० मिळतात. म्हणजे जादा हाताच्या मोहाने करार धोक्यात घालणे हा सांघिक सामन्यात सरळसरळ तोट्याचा व्यवहार ठरतो. जोड्यांच्या स्पर्धेत एकेका जादा हातालाही मोल असते, हे खरे. पण ती तारेवरची कसरत नवशिक्याने निदान पहिले वर्षभर बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नो ट्रम्पमध्ये: हमखास हात मोजावेत

पहिला डाव असा आहे. करार तीन नो ट्रम्पचा आहे, म्हणजे नऊ हात करायचे आहेत.

डमी: इस्पिक ८, ४, बदाम एक्का, ६, ३, चौकट एक्का, गुलाम, १०, ५, ३, किलवर एक्का, ७, ५.

आपण: इस्पिक एक्का, ७, ३, बदाम राजा, राणी, गुलाम, चौकट राणी, ९, ८, ४, किलवर राजा, ८, २.

पश्चिमेने, म्हणजे आपल्या डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याने, इस्पिकची छक्की उतरली आहे; पूर्व आपल्या उजवीकडे आहे. नो ट्रम्पमध्ये प्रथम हमखास हात मोजावेत, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना एकदाही हात न देता आत्ताच्या आत्ता घेता येतील असे हात. येथे इस्पिकचा एक, बदामचे तीन, चौकटचा एक आणि किलवरचे दोन, असे सात हात होतात. बदाममध्ये एक्का, राजा, राणी, गुलाम अशी चारही मोठी पाने आपली असली, तरी दोन्हीकडे तीन-तीनच पाने असल्याने हात तीनच धरायचे असतात. ही मोजणीतली नेहमीची चूक आहे. दोन हात कमी पडतात आणि ते चौकटमधून येणार हे उघड आहे. दोन्हीकडे मिळून नऊ चौकट आहेत आणि मोठ्या पानांपैकी फक्त राजा बाहेर आहे. आपल्याकडची राणी उतरून पश्चिमेने राजा न टाकल्यास डमीतून लहान पान द्यायचे, म्हणजे फिनेस करायचा. राजा पश्चिमेकडे असेल तर चौकटचे पाच हात मिळतील, आणि पूर्वेकडे असेल तर तो एक हात जाऊन चार मिळतील. दोन्ही बाबतींत करारापुरते हात जमतात.

मग अडचण कोठे आहे? ती इस्पिकमध्ये आहे. फिनेस फसला तर पूर्वेचा खेळाडू हातावर येईल आणि त्याच्याकडे इस्पिक उरले असेल तर तो ते भिडूकडे परत करील. येथे उतारीचे पान नीट वाचावे लागते. नो ट्रम्पविरुद्ध आपल्या सर्वांत लांब रंगातले वरून चौथे पान उतरण्याची प्रथा आहे, आणि त्यावरून अकराचा नियम निघतो: अकरातून उतरलेल्या पानाचा आकडा वजा केला, की उरलेल्या तीन जणांकडे त्याहून वरची किती पाने आहेत ते कळते. अकरातून सहा गेले, पाच राहिले. त्यांपैकी अठ्ठी डमीत दिसते, एक्का आणि सत्ती आपल्याकडे आहेत. म्हणजे पूर्वेकडे छक्कीच्या वरची दोनच पाने आहेत. छक्कीखालची पंजी आणि दुर्री एवढीच दिसत नाहीत. त्यामुळे पश्चिमेकडे चार, पाच किंवा फार तर सहा इस्पिक असणार.

समजा पश्चिमेकडे राजा, गुलाम, ९, ६, २ आणि पूर्वेकडे राणी, १०, ५ आहेत. पूर्वेने राणी टाकली आणि आपण सवयीप्रमाणे एक्क्याने हात घेतला, तर पुढे काय होते ते पाहावे. चौकटची राणी उतरली, पूर्वेने राजाने हात घेतला व इस्पिकची दश्शी परत केली. पश्चिमेने ती गुलामाने घेऊन राजा, नव्वी आणि दुर्रीही वाजवून घेतली. इस्पिकचे चार आणि चौकटचा एक असे पाच हात गेले; करार एका हाताने पडला.

आता एक्का दाबून ठेवावा. पहिल्या हाताला तिर्री द्यावी, पूर्वेने दश्शी परत केली की सत्ती द्यावी आणि तिसऱ्या वेळी नाइलाजाने एक्का घ्यावा. तिसऱ्या वेळी डमीत इस्पिक उरलेले नसते, तेव्हा तेथून किलवरची पंजी टाकावी. चौकटला हात लावू नये. एवढ्यात पूर्वेचे इस्पिक संपलेले असते. मग चौकटचा फिनेस फसला तरी पूर्वेला भिडूकडे जायला वाट राहत नाही. तो बदाम किंवा किलवर उतरला तरी तेथे सर्वांत मोठी पाने आपलीच आहेत. इस्पिकचे दोन आणि चौकटचा एक असे तीनच हात देऊन दहा हात होतात. आठ इस्पिक प्रतिस्पर्ध्यांकडे चार-चार वाटले गेले असतील, तर पूर्वेकडे एक इस्पिक शिल्लक राहते खरे, पण तेव्हा त्यांना इस्पिकचे एकूण तीनच हात मिळतात आणि चौकटचा राजा धरूनही करार सुरक्षित राहतो. एक्का किती वेळा दाबावा, यासाठी सातातून दोन्हीकडची त्या रंगाची एकूण पाने वजा करण्याचा सोपा नियम आहे. येथे तीन आणि दोन मिळून पाच होतात, म्हणून दोनदा दाबावा.

हा उपाय सरसकट वापरण्याचा नाही, आणि तो का लागू पडला हे कळणे नियमाच्या पाठांतरापेक्षा महत्त्वाचे आहे. येथे फसलेला फिनेस पूर्वेकडे जातो, लांब इस्पिक मात्र पश्चिमेकडे आहे, एवढ्यावरच तो उभा आहे. चौकटची पाने उलट असती, म्हणजे डमीत राणी, ९, ८, ५, ३ आणि आपल्याकडे एक्का, गुलाम, १०, ४ असती, तर फिनेस पूर्वेच्या अंगावरून होऊन फसल्यास पश्चिमेकडे गेला असता. तेथे एक्का कितीही दाबला तरी वाजणारे इस्पिक ज्याच्याकडे आहे, तोच हातावर येतो. दुसरे म्हणजे, एखादा रंग इस्पिकपेक्षाही कमकुवत असेल आणि पहिला हात सोडल्यावर प्रतिस्पर्धी त्या रंगाकडे वळण्याची भीती असेल, तर हात लगेच घेणे शहाणपणाचे असते. तिसरे, इस्पिकमध्ये आपल्याकडे एक्का, गुलाम, ७ असती, पूर्वेने राणी टाकली असती आणि पुढे हात जाणारच असेल तर तो पश्चिमेकडेच जाईल अशी स्थिती असती, तर एक्का त्वरित घ्यावा; गुलाम आणि सत्ती मागे उरल्याने पश्चिमेला तो रंग पुन्हा उतरणे परवडत नाही.

हुकमाच्या करारात: जाणारे हात मोजावेत

हुकूम असलेल्या करारात मोजणी उलटी करणे अधिक सोयीचे असते. ज्या बाजूला हुकूम जास्त, त्या बाजूच्या तेरा पानांतून किती हात जातील, ते रंगावार मोजावे. दुसरा डाव चार इस्पिकच्या कराराचा आहे. तीन हात गेले तर चालतात, चौथा चालत नाही.

डमी: इस्पिक ९, ६, ३, बदाम ७, २, चौकट राजा, ८, ५, ३, किलवर एक्का, ९, ७, ४.

आपण: इस्पिक राजा, राणी, गुलाम, १०, ७, बदाम एक्का, ८, ४, चौकट एक्का, ६, २, किलवर राजा, ५.

पश्चिमेने बदामचा राजा उतरला. इस्पिकमध्ये एक्क्याचा एक हात जाईल, बदाममध्ये अठ्ठी आणि चौकीचे दोन, चौकटमध्ये तिसऱ्या पानाचा एक, किलवरमध्ये काहीच नाही. एकूण चार, म्हणजे एक हात कोठून तरी वाचवला पाहिजे. डमीत बदामची दोनच पाने आहेत, तेव्हा आपले तिसरे बदाम डमीतल्या हुकमाने मारता येईल. चौकटवर भरवसा ठेवण्याचा दुसरा मार्गही आहे: बाहेरची सहा चौकट तीन-तीन वाटली गेली असतील, तर एक हात दिल्यावर डमीचे चौथे चौकट उभे राहते व त्यावर बदाम टाकून देता येते. पण सहा पाने तीन-तीन वाटली जाण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे, आणि चार-दोन वाटली जाण्याची सुमारे ४८ टक्के. बदाम मारण्याचा मार्ग जवळजवळ हमखास हाताशी असताना चौकटच्या आशेवर बसण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न क्रमाचा आहे. ‘आधी हुकूम काढून घ्यावेत’ हा उपदेश प्रत्येकाने ऐकलेला असतो आणि एरवी तो योग्यही असतो, कारण प्रतिस्पर्ध्यांकडे हुकूम शिल्लक राहिले तर ते आपले एक्के-राजे मारू शकतात. पण या डावात तो उपदेश घात करतो. बदामचा एक्का घेऊन लगेच हुकमाचा राजा उतरला, तर प्रतिस्पर्धी एक्क्याने हात घेऊन हुकूमच परत करतील. डमीत एकच हुकूम राहील. मग आपण बदाम सोडू, तेव्हा हातावर आलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे तिसरा हुकूम असेल तर तो खेळून डमीचा शेवटचा हुकूमही काढून घेईल आणि तिसरे बदाम आपल्या गळ्यात पडेल.

म्हणून एक्का घेतल्यावर दुसऱ्याच हाताला बदाम उतरून तो हात देऊन टाकावा. प्रतिस्पर्ध्यांनी आता हुकमाचा एक्का वाजवून पुन्हा हुकूम खेळला, तरी डमीत एक हुकूम शिल्लक असतो आणि उतारी आपल्याकडे आलेली असते. त्या दोन फेऱ्यांत डमीतून तिर्री आणि छक्की द्यावी आणि नव्वी राखून ठेवावी. मग तिसरे बदाम नव्वीनेच मारावे. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी आपल्याकडे असल्याने नव्वीच्या वर फक्त एक्का उरतो. तो अजून बाहेर असेल आणि पूर्वेचे बदाम संपल्यामुळे त्याने नव्वीवर तो मारला, तरी नुकसान नाही. हुकमाच्या एक्क्याचा हात त्यांना मिळणार हे आपण पहिल्या मोजणीतच धरले होते. तिर्रीने मारून मात्र एखाद्या अठ्ठीकडून मार खाल्ला, तर तो हात उगाच गेला. त्यानंतर उरलेले हुकूम काढून घ्यावेत. हुकमाचा एक, बदामचा एक आणि चौकटचा एक, असे तीनच हात जातात.

मेंढीकोटवाल्यांना येथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. हुकूम कोणत्या बाजूने मारला, याला ब्रिजमध्ये फार महत्त्व आहे. आपल्याकडच्या पाच हुकमांचे हात बहुधा तसेही मिळणारच असतात, त्यामुळे त्यांतल्या एखाद्याने डमीचे पान मारल्यास हातांची संख्या वाढत नाही. उलट हुकूम कमी होऊन डावावरचा ताबा सुटू शकतो. डमीतल्या तीन हुकमांपैकी एकाने मारल्यास मात्र तो हात खरोखर जादा मिळतो. तेव्हा मारायचे असेल तर थोडके हुकूम असलेल्या बाजूने मारावे. आपल्या बाजूनेच डमीची बरीच पाने मारून करार पुरा करण्याचे डावही असतात, पण ते ओळखू येण्यास थोडा अनुभव लागतो.

येण्याजाण्याची वाट

हात मोजून झाले तरी ते घ्यायला योग्य बाजूला पोहोचता आले पाहिजे. समजा, एका रंगात आपल्याकडे फक्त राजा आणि राणी आहेत, डमीत एक्का, गुलाम, १०, ३ आहेत आणि डमीत शिरण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही. राजा वाजवून नंतर राणीही वाजवली, तर एक्का आणि गुलाम डमीत अडकून पडतात. राजा वाजवावा आणि राणीवर डमीचा एक्का घालावा. राणी फुकट गेल्यासारखी वाटते, पण त्या रंगाचे चार हात मिळतात. राणी जपली असती तर दोनच मिळाले असते. साधारणपणे ज्या बाजूला रंगाची पाने कमी, त्या बाजूचे मोठे पान आधी खेळावे.

टक्केवारी आणि तिच्या पलीकडचे

वाटणीच्या शक्यतांचा मोठा तक्ता पाठ करण्याची गरज नाही. बाहेर पाच पाने असल्यास ती तीन-दोन वाटली जाण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, तर चार-एकची २८ टक्के असते. बाहेर चार पाने असल्यास तीन-एकची सुमारे ५० आणि दोन-दोनची ४० टक्के असते. म्हणजे बाहेरची संख्या विषम असेल तर ती शक्य तितकी सारखी वाटली गेली असेल, आणि सम असेल तर थोडी असमान, एवढे लक्षात ठेवले तरी बहुतेक वेळा भागते. साधा फिनेस यशस्वी होण्याची शक्यता निम्मी धरावी. राणी बाहेर असताना दोन्हीकडे मिळून आठ पाने असल्यास फिनेस करावा आणि नऊ असल्यास एक्का-राजा वाजवून राणी पडते का ते पाहावे, असा संकेत आहे. नऊ पानांच्या बाबतीत दोन मार्गांतला फरक इतका थोडा असतो, की बोलीवरून किंवा खेळावरून काही सुगावा लागला, तर संकेत खुशाल बाजूला ठेवावा.

असा सुगावा बहुधा गुणांच्या बेरजेतून लागतो. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक, या हिशेबाने पूर्ण जोडात ४० गुण असतात. समजा, पश्चिमेने पत्ते वाटले होते आणि सर्वांत प्रथम पास म्हटले होते. खेळात त्याने बदामचे एक्का आणि राजा, तसेच इस्पिकची राणी आणि गुलाम दाखवले. त्याचे दहा गुण झाले. किलवरचा राजाही त्याच्याकडे असता तर तेरा गुणांवर त्याने बोली उघडली असती. तेव्हा तो राजा पूर्वेकडे आहे असे धरूनच किलवर खेळावेत. येथे अर्ध्या शक्यतेचा फिनेस जवळपास खात्रीचा झाला, आणि त्यासाठी फक्त बोली आठवावी लागली.

हे सगळे पहिल्या हाताआधी करायचे, म्हणजे थोडा वेळ लागणारच. डमी पसरल्यावर डिक्लेअररने विचाराला वेळ घेणे हे रीतीला धरून आहे. डमीत त्या रंगाचे एकच पान असले आणि ते देण्यावाचून पर्याय नसला, तरीही ते लगेच ओढू नये. प्रतिस्पर्धी चुळबुळ करत असतील तर करू द्यावी.

सरावासाठी वरचा दुसरा डाव पुन्हा मांडावा आणि बाहेरचे पाच हुकूम चार-एक वाटून एक्का चार हुकूम असलेल्या बाजूला द्यावा. मग चारही बाजूंची पाने उघडी ठेवून तो दोनदा खेळावा: एकदा आधी हुकूम काढून, आणि एकदा दुसऱ्याच हाताला बदाम सोडून. दुसऱ्या क्रमाने खेळताना प्रतिस्पर्ध्यांनी बदामचे चौथे पान खेळून आपल्याला आपल्या बाजूने हुकूम मारायला लावले, तरी राणी, गुलाम आणि दश्शी उरलेले तीन हुकूम काढण्यास पुरतात का, ते मोजून पाहावे. त्यानंतर पहिल्या डावात चौकटचा राजा एकदा पश्चिमेकडे आणि एकदा पूर्वेकडे ठेवून, इस्पिक आधी पाच-तीन आणि मग चार-चार वाटून, चारही प्रकार खेळावेत आणि प्रत्येक वेळी एक्का पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या फेरीत घेतल्यास किती हात होतात, ते कागदावर लिहून ठेवावे.